मंद झाला की या

सत्तारभाई बल्ब गालाला लावून बघत. गाडीच्या मागच्या दिव्यातला बल्ब काढायचा, दोन वायरींना टेकवायचा आणि डोळे मिटून दाढीच्या वर, गालावर धरायचा. लेकराला ताप आहे का ते आपण बघतो ना, अगदी तसा. गरम लागला की म्हणायचे, "आहे जीव." थंड लागला की मागे न बघता खांद्यावरून नालीत. चिखलीत बाजाराच्या जरा बाहेर, कडुनिंबाखाली त्यांचं टिनाचं दुकान होतं. पाटीवरची अक्षरं उन्हानं खाल्लेली. पण जुन्या गाडीचा ब्रेकलाईट गेला, इंडिकेटर वेडावला, की अख्खा तालुका त्या कडुनिंबाखाली येऊन उभा राहायचा. बल्ब गालाला लावणं ही त्यांची ऐट आहे, असं सगळे समजत. मीही समजत होते. मी तेव्हा बरंच काही समजत होते.

नम्रता हा शब्द सत्तारभाईंच्या घराण्यात कोणी ऐकलेला नव्हता. "आमचे पणजोबा रोहिणखेडच्या मशिदीत दिवे लावत," असं ते दर गिऱ्हाइकाला सांगत. "उजेड आमच्या खानदानीत आहे. तुमी नुसती चावी द्या अन् मागं उभे राहा." मागं उभं राहणं सगळ्यांना सक्तीचं होतं. दुकानात दुसरा माणूसच नव्हता. ते स्वतः पेडलशी बसून ब्रेक दाबत आणि गिऱ्हाइकानं गाडीच्या मागे उभं राहून ओरडायचं. दिवा लागला तर "लागला!", नाही तर "बंद!" हळू बोललेलं चालत नसे. एकदा कचेरीतले कोणी साहेब आले होते. त्यांना मागे उभं राहायची लाज वाटली. सत्तारभाई आतून म्हणाले, "साहेब, आपला ब्रेकलाईट आपल्याले दिसत नसते. गाडी कलेक्टरची असो का कबाडातली. मागचा माणूस सांगंन तेच खरं." साहेब ओरडले. चांगले खड्या आवाजात ओरडले.

गाडी आली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "कोणं हात लावला?" समोरचा म्हणणार, "कोणीच नाही." "मंग भुतानं लावला असंन," असं म्हणून ते कामाला बसत. इंडिकेटरचं दुखणं ते कानानं ओळखत. डॅशबोर्डच्या मागे फ्लॅशरची डबी असते, तिची टिकटिक ऐकायची. "लय घाईनं वाजून राह्यला म्हणजे एक बल्ब मेला समजा. घरातलं एक माणूस गेलं की बाकीच्याईचं काळीज असंच धडधडते." त्या वर्षांत आमच्या भागात कापसाच्या कर्जापायी अशी धडधडणारी घरं बरीच होती, म्हणून हे वाक्य ऐकून कोणी हसत नसे. पण लगेच पुढचं यायचं, त्यांचं सगळ्यांत आवडतं: "मंद झाला की या ना भाऊ! बंद झाल्यावर काऊन येता? बंद झाल्यावर तं चार खांदेकरी बी येतात."

आता माझं सांगते. मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली, अमरावतीची बी.ए., महिला मंडळाची अध्यक्ष आणि गावातली जीप चालवणारी पहिली बाई. यातली शेवटची पदवी मी स्वतःच स्वतःला दिली होती आणि भाषणात दर वेळी सांगत होते. जीप आली कशी, तर बीटी कापसामुळे. नवं बियाणं आलं, पहिल्या वर्षी अळी फिरकली नाही, आणि बोंडं अशी लगडली की आमचे हे शेताच्या धुऱ्यावर उभे राहून एकटेच हसायचे. त्या हसण्यातच त्यांनी बैलजोडी विकली आणि जुनी जीप आणली. पुढच्या वर्षांनी हसू जाग्यावर आणलं. बियाण्याची पाकिटं महागली, फवारे वाढले, अळीनंही बीटीशी जमवून घेतलं. ज्यांनी आमच्यासारखे हसत बैल विकले नव्हते, त्यांनी मग न हसता विकले.

त्या साली पोळ्याच्या आदल्या दिवशी आमचे हे रिकाम्या गोठ्यात जाऊन बसले. आमच्याकडे त्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकतात आणि त्यांना जेवणाचं आमंत्रण देतात. शेकायला खांदे नव्हते. दुपार झाली तरी माणूस उठेना. तेव्हा अंधश्रद्धेवर कडक भाषणं देणाऱ्या या अध्यक्षबाईंनी काय करावं? पितळी वाटीत तूप-हळद घेतली, जीपच्या दोन्ही मडगार्डांना चोळली आणि बॉनेटच्या कानाशी वाकून म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." गोठ्यातून हसू ऐकू आलं. किती तरी महिन्यांनी.

मग मला थांबवणारं कोण होतं? बैलांच्या शिंगांना लावतात तो गुलाबी वार्निश आणला, हिरवा आणला, बेगड आणली. अंगभर पट्टे ओढले. बॉनेटवर दोन शिंगं काढली, त्यातलं एक वाकडं आलं. आमच्या सासूबाईंची शिकवण होती की सारवताना कोपरा सोडू नये, म्हणून मागचे दिवे पान्यानं सोडवले, त्यांच्या खालचा पत्राही गुलाबी केला, बोल्टसुद्धा रंगवले आणि सगळं वाळवून परत घट्ट आवळलं. एवढं नेटकं काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही. पोळ्याला तोरणाखाली बैल थोडे होते आणि आमची जीप होती. म्हातारी माणसं तोंडावर हात ठेवून बघत होती. मला वाटलं, कौतुकानं.

दुसऱ्या दिवसापासून जीप बिघडली. ब्रेक दाबला की ब्रेकलाईट नीट लागेना, उलट डावा इंडिकेटर मिणमिणायचा. इंडिकेटर दिला की मागचे सगळेच दिवे लुकलुकायचे. शेतात निंदणाला येणाऱ्या बाया मागे बसून जायच्या, त्यांना हे आधी कळलं. "वैनी, तुमची जीप मांगच्या ट्रकवाल्याले डोळा मारून राह्यली!" असं म्हणून त्या खिदळायच्या. मग एक दिवस मी रस्त्यात म्हैस आली म्हणून थांबले आणि मागची एसटी अगदी टेकता टेकता थांबली. बाया खिदळायच्या बंद झाल्या. दुसऱ्या दिवशी कामावर आल्या, पण पायी.

मी जीप घेऊन चिखली गाठली. पेठेतून जाताना लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. एक टेम्पोवाला ओरडला, "अय, वरात कुठली हाये?" मी मान ताठ ठेवून कडुनिंबाखाली उतरले आणि ठेवणीतली भाषा काढली. "माझ्या वाहनाचे दिशादर्शक दिवे आणि थांबा-दिवे परस्परांत मिसळत आहेत."

सत्तारभाईंनी कान माझ्याकडे केला. "वैनी, जीप बिघडली का भाषण हाये?"

"जीप बिघडली," मी म्हटलं.

"कोणं हात लावला?"

"कोणीच नाही." मी हे अगदी खरं म्हणून सांगितलं. रंग देणं म्हणजे काय हात लावणं आहे? तो तर साजशृंगार. साडीमुळे कोणाचा ताप चढतो का?

आणि मग एक गोष्ट घडली, किंवा घडली नाही. सत्तारभाई जीपबद्दल काहीच बोलले नाहीत. गावच्या डॉक्टरच्या पांढऱ्या गाडीला कफन म्हणणारा, सरपंचाच्या जीपला चालतं कबाड म्हणणारा हा माणूस, गुलाबी पट्ट्यांच्या आणि वाकड्या शिंगाच्या जीपसमोर उभा होता आणि गप्प होता. मला राग आला. कौतुक नको, निदान टोमणा तरी! मी मनात म्हटलं, जळतो मेला.

काम सुरू झालं. मी मागे उभी. ते आतून ब्रेक दाबत, मी ओरडत होते, "मंद! मंद! इंडिकेटर लागला!" त्यांनी बल्ब काढून गालाला लावले. सगळ्यांत जीव होता. होल्डर कानशीनं घासले. फ्लॅशर बदलला. पेडलखालचा ब्रेकचा स्विच बदलला. दिव्यांचे बोल्ट पान्यानं चाचपले, घट्ट होते. "अर्थ बरोबर आहे," म्हणाले आणि तो विषय मिटवला. अर्थ म्हणजे वीज परत जायची वाट. जुन्या गाड्यांत ती बोल्टातून पत्र्यात जाते. "येणारी वाट सगळे पाहतात, जाणारी कोणी पाहत नाही," हे त्यांचंच वाक्य, आणि ते पाहूनसुद्धा काही सापडेना. सावली कडुनिंबाच्या दुसऱ्या बाजूला गेली. बघ्यांची गर्दी वाढली. समोरच्या अंगाला नव्यानं एक दुकान निघालं होतं, मीटर लावून तपासणारं. तिथली माणसंही येऊन उभी राहिली. कोणी तरी म्हणालं, "चाचा, आज काय झालं उजेडाच्या खानदानीले?"

सत्तारभाई बाहेर आले, जीपच्या मागे उकिडवे बसले आणि दिव्यावरून, बोल्टवरून बोटं फिरवू लागले. बोट एका बोल्टवर थांबलं. नख लावलं, खरवडलं, नखाचा वास घेतला.

"वार्निश?" ते म्हणाले. "बोल्टाले? याच्या खालीबी? हे कोणं केलं?"

"मी. पोळ्याले."

"जीपचा पोळा केला तुमी?"

"हाव."

सत्तारभाई असे हसले की जमिनीवर बसले. "अहो वैनी, रंगातून वीज जात नसते! जायची वाटच बुजवून टाकली तुमी. बिचारी मंग कुठून जाईन? जिथं फट दिसंन तिथून घुसून राह्यली, इंडिकेटरच्या घरातून!" गर्दीही हसली. तो क्षण त्यांचा होता. खानदानी वाचली होती. आता मी गप्प बसले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण लोक माझ्यावर हसत होते, आणि मी अध्यक्ष होते.

मी म्हटलं, "मंग सकाळीच काऊन नाही सांगितलं? अख्खी जीप गुलाबी हाये! चिखलीतल्या गाढवाले बी दिसली! तुमाले दिसली नाही का?"

हसणं थांबलं. सत्तारभाई जीपकडे बघत होते, पण जीपच्या जरा बाजूला. मग म्हणाले, "दिसली ना. म्हटलं सण आहे, बायाईचा शौक आहे, काऊन बोला." त्यांनी बोल्ट सोडवले, पत्रा खरवडून चकचकीत केला, सगळं परत आवळलं. मी मागे जाऊन "लागला!" ओरडले. दिवा खणखणीत लागला होता. पण कोणाचंच लक्ष दिव्याकडे नव्हतं. सगळे सत्तारभाईंच्या हाताकडे बघत होते. तो हात शेजारीच ठेवलेला पाना शोधत जमिनीवर फिरत होता.

दोघा-चौघांच्या तोंडून ती गोष्ट पेठेत गेली आणि परत आली तेव्हा मोठी झाली होती. सत्तारला दिसत नाही. सत्तार अंदाजानं वायर जोडतो. एखादे दिवशी गाडी पेटवील. कडुनिंबाखाली गाड्या येईनाशा झाल्या. मी पुन्हा कापसाच्या कामानं गेले तेव्हा मीटरवाल्याकडे रांग होती आणि इकडे सत्तारभाई एकटे स्टुलावर बसून एक बल्ब उगाच गालाला लावत होते. त्यांची बायको, जुबेदाभाभी, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "दोन सालांपासून बोलतेय मी, मोतीबिंदू हाय, दाखवा. त्यांच्या चुलतभावाचा डोळा गेला होता ऑपरेशनमधी. तेव्हापासून डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर येतात. तुम्ही बोला. तुमच्यामुळं तर झालं." शेवटचं वाक्य ती फार गोड बोलली.

मी त्यांच्यासमोर पाटावर बसले. या वेळी ठेवणीतली भाषा काढली नाही.

"सत्तारभाई, मंद झाला की यावं म्हणता ना तुमी?"

"ते गाडीचं आहे."

"मंग बंद झाल्यावर जाणार का? खांदेकरी घेऊन?"

"वैनी, गाडीत बल्ब बदलता येते. हे," त्यांनी डोळ्याकडे बोट केलं, "हे गेलं तं कोणत्या दुकानात भेटते?" हातातला बल्ब त्यांनी खाली ठेवला. "आता निदान समोर काय उभं आहे त्याची सावली तरी दिसते. चाचपून काम होते. तेबी गेलं तं मी कोण? नुसता दाढीवाला माणूस."

बी.ए.ला हा प्रश्न नव्हता. मी एवढंच म्हटलं, "तुमी आत बसा. मागं मी उभी राह्यते. काय लागलं, काय बंद, मी सांगते. आजवर खोटं सांगितलं का कधी?"

"पोळ्याचं नाही सांगितलं."

"ते इचारलंच नव्हतं तुमी."

हे त्यांना पटलं की नाही माहीत नाही. पण दिवाळीनंतर बुलढाण्याला डोळ्यांचं शिबिर होतं, त्या दिवशी सकाळी ते दाढीला मेंदी लावून, अत्तर लावून दुकानासमोर उभे होते. जुबेदाभाभी मागे बसली. वाटेत मी वळताना इंडिकेटर दिला की सत्तारभाई कान देऊन फ्लॅशर ऐकायचे आणि मान हलवायचे. दवाखान्यात आत नेताना त्यांनी माझा आवाज कुठून येतो ते शोधलं. "वैनी, मागं उभ्या आहात ना?"

"उभी हाये."

"मोठ्यानं बोलजा."

दार बंद झालं. आम्ही दोघी बाकावर बसलो. जुबेदाभाभी ओठांतल्या ओठांत काही म्हणत होती. मी देव न मानणारी बाई. मी नुसतीच ओठ हलवत होते.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टरांनी विचारलं, "चाचा, दिसतंय का?" सत्तारभाईंनी जुबेदाभाभीकडे खूप वेळ बघितलं आणि म्हणाले, "म्हातारी झाली की तू." ती रडायला लागली. मग ते भिंत धरत बाहेर आले. पायऱ्यांवर थांबले. फाटकाशी ऊन पडलं होतं आणि उन्हात माझी जीप उभी होती, अजून गुलाबी, अजून शिंगांसकट.

"या अल्ला!" सत्तारभाई म्हणाले.

पायरीवरूनच त्यांनी जीपकडे बोट केलं.

"वैनी, हे काय आहे? जीप आहे का बँडवाल्याचा कोट? हे घेऊन तुमी चिखलीतून आल्या? भर बाजारातून? दिवसाउजेडी? अन् हे शिंग! अहो, हे एक शिंग वाकडं आहे! बैल असता तं विहिरीत उडी घेतली असती त्यानं. अन् माह्या दुकानासमोर उभं केलं हे, दिवसभर? लोकाईनं पाह्यलं? मंग आंधळा होतो तेच बरं होतं!"

ते थांबेनात. पट्ट्यांना बोलले, बेगडीला बोलले, माझ्या माहेरच्या रंगाच्या समजुतीला बोलले. दवाखान्यातले पेशंट बाहेर येऊन ऐकू लागले. आयुष्यात माझे सत्कार पुष्कळ झाले, शाली-नारळ मिळाले. पण त्या पायरीवर जो झाला, त्याच्या जवळपास एकही येत नाही. मी पदर तोंडात धरून उभी होते. हसू होतं की काय होतं, मला आजही सांगता येणार नाही.

मग ते एकदम म्हणाले, "बसा आत. ब्रेक दाबा."

"कशाले? चालू हाये तो."

"दाबा म्हणतो ना."

मी बसून ब्रेक दाबला. सत्तारभाई दवाखान्यानं दिलेल्या हिरव्या चष्म्यासकट जीपच्या मागे जाऊन उभे राहिले. इतकी वर्षं लोकांना जिथं उभं केलं त्या जागी. आणि मग सगळा दवाखाना दचकेल असं मागून ओरडले, "लागला!"

पुढे त्यांनी कित्येक वर्षं काम केलं. बल्ब गालाला लावणं सोडलं नाही. आता मात्र ती खरीच ऐट होती. पेठेत ते सांगत फिरले की डॉक्टरानं नुसता बल्ब बदलला, वायरिंग खानदानी होती म्हणून टिकली. हळूहळू जुन्या गाड्या संपल्या. ज्या उरल्या त्या मीटरवाल्याकडे गेल्या, आणि मीटरवाला अडला की गुपचूप कडुनिंबाखाली येऊ लागला. मग एका उन्हाळ्यात सत्तारभाई गेले. मंद होणं नाही, काही नाही, चहा पिता पिता एकदम बंद. आपलाच नियम मोडून गेले. खांदेकरी चारपेक्षा पुष्कळ जास्त होते.

जीप आता चालत नाही. गोठ्यात उभी असते. पण पोळ्याला तिला आवतन जातं आणि रंगही लागतो. हे काम आता नातीकडे आहे. मागच्या बोल्टांना रंग लावायचा नाही, हे तिला मी सत्तारभाईंच्या गोष्टीसकट शिकवलं आहे. यंदा तिनं एकटीनं सगळी जीप रंगवली आणि मला हात धरून गोठ्यात नेलं.

"आजी, कशी झाली?"

"छान," मी म्हटलं.

"एवढंच?"

"एवढंच. छान आहे."

मग जरा जवळून तिचा आवाज आला, "आजी, दोन्ही शिंगं मी मुद्दाम वाकडी काढली आहेत. आणि पट्टे नाहीच काढले. तू काहीच कशी बोलली नाहीस?"

मी म्हटलं, सण आहे, पोरीची हौस आहे, कशाला बोला. दवाखान्याचं दिवाळीनंतर बघू म्हटलं. तिनं माझ्या चपला आणून पायाशी ठेवल्या आणि पुण्याला शिकणारी माझी ती नात अस्सल चिखलीच्या आवाजात म्हणाली, "मंद झाला की या ना वैनी. बंद झाल्यावर काऊन येता?"

कार्टीला ही गोष्ट सांगायलाच नको होती.